वाऱ्यात न विझणारा लायटर

लातूर नवा जिल्हा झाला, मला कचेरीत कारकुनी मिळाली, आणि त्या वर्षी पाऊस आलाच नाही. जिल्हा आला, पाणी गेलं. अशा दिवसांत मी लायटर घ्यायला निघालो. मी विडीसुद्धा ओढत नव्हतो.

पण विस्तव आपल्याजवळ पाहिजे, हे लहानपणीच डोक्यात बसलेलं. गावात चूल विझली की आई गोवरी घेऊन वरच्या आळीतल्या एका मोठ्या घरासमोर उभी राहायची. हात लागू नये म्हणून तिथली बाई निखारा वरून टाकायची. कधी तो गोवरीवर पडे, कधी आईच्या मनगटावर. घरात काडेपेटी आली, तरी मनगटावरचे डाग काही गेले नाहीत.

दुकानदारानं आधी गॅसचा सोनेरी लायटर दाखवला. संपला की फेकायचा. तो मला पटेना. मग त्यानं चकमकीचा, वातीचा पेट्रोल लायटर काढला. "साहेब, वाऱ्यात विझत न्हाई, पाण्यात पडला तरी पेटतो." घरी पाण्याची परीक्षा घ्यायला बसलो, तर बायकोनं तांब्याच हिसकावला.

"प्यायला पाणी न्हाई, अन् तुम्ही लायटरला आंघोळ घालायलाव का?"

पावसात काडी सादळते म्हणून लायटर बाळगतो, असं मी सगळ्यांना सांगायचो. कुठला पाऊस, हे कुणी विचारलं नाही. सरकारी माणसाला कोण विचारतो?

उन्हाळ्यात टँकरबरोबर सरकारी जीपनं आमच्याच गावाला जायची पाळी आली. माळावर टँकरजवळ त्या मोठ्या घरचा म्हातारा उभा होता. निखारा टाकणाऱ्या बाईचा हा थोरला मुलगा. तोंडात विडी.

"साहेब, काडी हाय का?"

मला ओळखूनही तो साहेब म्हणाला. मी लायटर काढला. वारा भणाणत होता. पहिल्यांदा नुसती ठिणगी. दुसऱ्यांदाही तेच. उन्हानं पेट्रोल उडालं असणार. आजच्या दिवशी, याच माणसासमोर हा दगा देणार, असं वाटलं. देव सोडलेला माणूस मी, पण तेव्हा चकमकीला नवस बोललो. तेवढ्यात म्हातारा वाकला, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून त्यानं दोन्ही तळहात माझ्या हाताभोवती घट्ट धरले. तिसऱ्यांदा ज्योत आली.

"झकास हाय लायटर," धूर सोडत तो म्हणाला.

संध्याकाळी लातूरच्या घरी आईला सगळं सांगितलं. ती मनगट चोळत ऐकत होती.

"हात लागला त्याचा?"

"हाव."

"मंग घरी जाऊन आंघोळ केली आसंल की."

"घरटी एकच घागर दिली, आई."

आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "म्हंजे दुष्काळानं बाटिवलं म्हण की त्याला!"

मला हसू आलं नाही. वाटेत जीपमध्ये बसून मी त्याचे हात माझ्या हाताला लागल्याचं सगळं श्रेय लायटरला देत आलो होतो.