कडूबाईनं उभं केलेलं वारं

सूर्यभान आणि शुभांगीताईंचं भांडण कडूबाईनं पत्र्याच्या शेडमागून ऐकलं, तेव्हा ती विमान पुसायचं फडकं पिळत होती. शेवगावजवळच्या गायरानात कुणीतरी पूर्वी मुरुमाची धावपट्टी केलेली. ब्याण्णव साली शुभांगीताई धरून नगरच्या चार बायकांनी तिथं महिलांचा विमान क्लब काढला, एक जुनं दोन माणसांचं विमान आणलं आणि झाडलोटीला कडूबाईला ठेवलं. पण गावालाही बाजरी मळायला तेवढीच टणक जागा.

"तुमचं इमान माज्या बाजरीला एकदा जरी शिवलं ना ताई, तर ग्रामसभेत ठराव करून क्लब नगरला धाडतो," सूर्यभान म्हणत होता.

"बाजरीला पाय नाहीत, भाऊ. मग ती पट्टीवर येते कशी?"

क्लब गेला तर कडूबाईला परत लोकांच्या बांधावर खुरपं. आणि आभाळात बाई चालली हाय, हे मान वर करून बघायचं सुख जाणार ते वेगळंच.

त्या सुगीत वारं पार मेलं. सूर्यभानची मळलेली बाजरी उफणणीवाचून, भुसासकट, पट्टीच्या टोकाला पडून. इकडं खांबावरची क्लबची कापडी बाही नुसती लोंबत होती. वाऱ्यानं ती फुगते आणि ताईंना वरून वाऱ्याचा जोर कळतो, हे कडूबाईला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी ते क्लबचं निशाण. दुसऱ्या दिवशी नगरचे पाहुणे येणार होते. त्यांच्यापुढं निशाणानं असं मान टाकून राहावं, हे तिला बघवेना. तिनं बांबूच्या कामट्या काढल्या, बाहीत घालून टाके मारले. बाही कशी आडवी, ताठ, गुढीसारखी तोऱ्यात उभी राहिली.

सकाळी शुभांगीताईंनी वरून बघितलं, तर खाली सोसाट्याचं वारं. समोरचं वारं विमानाला अडवील, या बेतानं त्या जोरात उतरल्या. खाली झाडाचं पान हलत नव्हतं. विमान थांबेचना. पळत पळत गेलं आणि सूर्यभानच्या राशीपुढं हातभर अंतरावर उभं राहिलं. ताईंनी घाबरून ते जाग्यावर गर्रकन वळवलं. त्यासरशी पंख्याचा झोत मागं राशीवर बसला. भूस उडालं ते थेट धावत आलेल्या सूर्यभानच्या अंगावर, मिशीत, टोपीत.

ताई उतरून माफी मागायला लागल्या. कडूबाई रडकुंडीला येऊन मधे पडली, "कामट्या म्या घातल्या. पावणे यायचे म्हनून."

सूर्यभाननं खाली वाकून मूठभर बाजरी उचलली. लख्ख दाणे. त्यानं फुंकर मारून पाहिली, भूस उडेना. मग म्हणाला, "ताई, अजून एकडाव फिरवा बरं."

ग्रामसभेत ठराव झाला, पण उलटा: क्लब राहील, सुगीत रोज सकाळी एका घराची बाजरी उफणून देईल. ताईंनी विमान दाव्यानं बांधायचं, पंख्याच्या पुढं कुणी फिरकायचं नाही, असे नियम घातले. कडूबाईनं कामट्या काढून चुलीत घातल्या. तिला नवं काम लागलं, आदल्या संध्याकाळी दारोदार जाऊन पाळी सांगायची. त्या कामात ती तलाठ्याच्या वर तोरा करी.

अठ्ठ्याण्णवच्या सुगीत एका सकाळी ती उठलीच नाही. पण आदल्या संध्याकाळची फेरी तिनं नेहमीसारखीच केली होती. थोडी कणकण होती, म्हणून डोक्याला फडकं बांधलेलं. सूर्यभाननं दारातच विचारलं, उद्या आपल्याला घ्याल का.

"तुमची पाळी परवा. उद्या चांगुणाची," ती म्हणाली. "वशिला चालायचा न्हाई, भाऊ."

आणि पुढच्या दाराकडं वळली.