कागदावरचं माप

शिंपीणबाईंच्या दुकानात, मशीनच्या डोक्यावर, एक पाटी आहे : ‘कागदावर लिहून आणलेली मापं घेतली जाणार नाहीत.’ गिऱ्हाइकांना हा नसता तोरा वाटतो. ‘सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांना कुठं आणू?’ असं कुणी कुरकुरलं, तर बाई गळ्यात टेप अडकवतात, दुकानाला कुलूप घालतात आणि सासूबाईंच्या उशाशी जाऊन उभ्या राहतात. मेलेल्या माणसालाही त्या उठवून माप घेतील, असं शेजारचा घड्याळजी म्हणतो.

पाटी तीन वर्षांपूर्वीची आहे. त्याआधी बाई माणसांवर विश्वास ठेवत, निदान सख्ख्या बहिणीवर.

धंदा मुख्यतः शाळेच्या गणवेशांचा. वाढत्या अंगाच्या पोरींसाठी बाई शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड दाबून ठेवत, म्हणजे वर्षअखेरीस उसवून सैल करता यावं. कॉलरच्या आत लाल दोऱ्याचे तीन टाके, ही त्यांची खूण. आणि एक जाडजूड वही : तारीख, इयत्ता, वय, खांदा, छाती, कंबर.

बहीण आली ती ऐन गणवेशांच्या हंगामात, हातात चिठ्ठी घेऊन.

“ताई, थोरलीचं ठरलं. लग्नाचा पोशाख तुझ्याच हातचा हवा.”

“मग पाठव की तिला मापाला.”

“ती तिकडं नोकरीवर. रजा मिळायची मारामार. तिनंच फोनवर सांगितली मापं.”

बाईंनी चिठ्ठी वाचली. “खांदा तेरा? वीस वर्षांची घोडी ती!”

“वाळलीय गं. खानावळीचं जेवण.”

शाळा उघडायच्या त्याच आठवड्यात लग्न होतं. बाईंच्या टेबलावर दीडशे गणवेश पडलेले. ताईला येता येणार नाही याचं बहिणीला फार वाईट वाटलं. जरा जास्तच वाटलं. बाईंनी पोशाख शिवला. आत जादा कापड ठेवलं नाही, कारण वीस वर्षांचं अंग आता कुठं वाढायचंय. सवयीनं कॉलरच्या आत तीन लाल टाके घातले. तेरा इंचांचा खांदा आपण महिन्यापूर्वीच लिहून घेतलाय, हे कळायला वही उघडावी लागली असती. वही हाताच्या अंतरावर होती.

तीन महिन्यांनी थोरली दुकानात आली, पर्सची तुटलेली चेन घेऊन.

“काय म्हणतो नवरा?” बाईंनी विचारलं.

“कुणाचा? मावशी, माझं लग्न झालं असेल तर मलाही कळवा की.”

दोघी हसल्या. मग हसू दोघींचंही एकदमच थांबलं. धाकटी बहीण आत्याकडे राहून शिकतेय, असं थोरलीला आईनं सांगितलं होतं. धाकटीचा नववीचा गणवेश मात्र अजून खुंटीवर लटकत होता. तो न्यायला कुणी आलंच नव्हतं.

बाई तडक बहिणीकडे गेल्या. ती भांडी घासत होती.

“चौदा वर्षांची आहे ती!”

“पंधरावं लागलंय,” बहिणीनं चूक दुरुस्त केली. “स्वतःचं घर, एकुलता एक मुलगा. ते थांबले असते का?”

“पत्ता दे मला.”

“कशाला? पोरीचा संसार मोडायला?”

तक्रार करावी, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. पण सख्खी बहीण म्हणून ते मनातच राहिलं. त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं, आणि आपण फार मोठी शिक्षा केली अशी स्वतःची समजूत घातली.

थंडीत थोरलीचा फोन आला : धाकटी हॉस्पिटलात आहे, रक्त थांबत नाही. तिला दिवस गेले होते. डॉक्टरकडे नेलं तर वय विचारतील, म्हणून सासूनं तिला एका बाईकडे नेलं. ती बाई पूर्वी एका दवाखान्यात फरशी पुसायची. तेवढ्या अनुभवावर आता घराच्या मागच्या खोलीत पोरींना ‘मोकळं’ करायची. पाच दिवस तापात ठेवून सासरच्यांनी धाकटीला माहेरच्या दारात सोडलं.

बाई पोचल्या तेव्हा डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या.

“वय?”

“एकोणीस,” बहीण म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही.

बाईंनी थैलीतून वही काढली. चेन दुरुस्तीच्या त्या दिवसापासून ती थैलीतच असायची. इयत्ता नववी, वय चौदा, खांदा तेरा.

“ही शिलाईची वही आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“हो. पण हे माप मी स्वतः घेतलंय.”

“मग पोलिसांना कळवावं लागेल.”

“कळवा.”

“ताई!” बहीण ओरडली. “सख्खी असून उलटलीस?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या ‘वय’च्या रकान्याकडे पाहत होत्या. डॉक्टरीणबाईंनी आकडा खोडून नवा लिहीपर्यंत त्या हलल्या नाहीत.

धाकटी वाचली. गर्भाशय काढावं लागलं.

चौथ्या दिवशी ती बोलायला लागली. बाई तिचे केस विंचरत होत्या.

“दुकान ठाऊक होतं ना तुला? पळून यायचं होतंस गं माझ्याकडे.”

धाकटीनं भिंतीकडे तोंड केलं.

“आई म्हणाली, मावशीला सगळं माहीत आहे, तिनंच शिवलाय पोशाख. मला खरं नाही वाटलं. मग कॉलर उलटून बघितली.”

बाईंचा कंगवा थांबला.

“तीन होते,” धाकटी म्हणाली. “मोजले मी.”