गिरणीवरचा नंबर

लग्न होऊन वरवट बकालला येण्याआधी जळगाव जामोदला मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. त्यामुळे सासरी पाऊल टाकल्यापासूनच ‘हिला मशीनमधलं कळतं’ असा माझा लौकिक झाला होता. कुणाचा टीव्ही बंद पडला तरी मला हाक यायची. शेवटी गावातल्या भाजीपाला उत्पादक मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे माझे चुलत सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, एक दिवस घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले, “सूनबाई, आमच्या मंडळाचे सारे सभासद त्या मशीनमदी घालून दे. कोनाले रोपं पायजेत, कोनाले बैठकीचा निरोप द्याचा, सारं बटनावर झालं पायजे.”

मला हेच हवं होतं. बुलढाण्याहून सॉफ्टवेअर आणलं, गल्लीगल्लीतून अर्ज मागवले, माझ्या जुन्या क्लासच्या मुलींना हाताशी धरून सगळे टाइप केले. त्यात दुबार नावं काढून टाकायचं एक बटण होतं. ते मी मोठ्या हौसेनं दाबलं. यादी चांगलीच आटोपशीर झाली. मी स्वतःवर फार खूश झाले आणि नवऱ्याला दोनदा ती यादी दाखवली.

त्याच सुमारास कार्यकारिणीची निवडणूक आली. प्रत्येक गल्लीतून एक प्रतिनिधी घ्यायचा, आणि त्याला त्याच गल्लीतला एक सूचक आणि एक अनुमोदक हवा, असा नियम होता. आजवर कार्यकारिणीत एकही बाई नव्हती. यंदा आमच्या शेजारच्या गल्लीतून गिरणीवाल्या काकूंनी अर्ज भरला. काकूंची दळणाची गिरणी कोपऱ्यावर, मागं त्यांचा वांग्यांचा आणि मेथीचा मळा. रोपं कधी वाटायची, कुणाच्या मळ्याला काय लागतं, यावर त्यांची मतं ठाम होती आणि ती बैठकीत बसून सांगायची त्यांना मनापासून इच्छा होती. अर्ज द्यायला त्या लग्नातलं लुगडं नेसून आल्या होत्या.

छाननीच्या दिवशी मी सूचकाचं नाव मशीनमध्ये घातलं. सभासद नाही. अनुमोदकाचं घातलं. सभासद नाही. मग मी त्या गल्लीची सगळी यादीच उघडली, तर तिथं एकच नाव होतं, काकूंचं.

“सूचक सभासद नसन तर अर्ज बाद,” मामाजी म्हणाले. “नियम म्हंजे नियम. मीच केला, तरी मी मोडत नाई.”

काकू उठून माझ्या खुर्चीपाशी आल्या आणि पडद्याकडे पाहत राहिल्या. “काऊन वं पोरी,” त्या म्हणाल्या, “मी काय येकटीच राह्यते का या गल्लीत?” त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त वाईट वाटलं. मी मूळ अर्ज काढून बसले. गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी मोबाइलच्या रकान्यात काकूंचाच नंबर लिहिला होता. एका नंबराची सगळी नावं म्हणजे एकच माणूस, असं मशीननं धरलं आणि बाकीच्यांना बाजूला सारलं.

मी तणतणतच त्या गल्लीत गेले. स्वतःचा नंबर द्यायला काय जातं या लोकांचं? काकूंचे अनुमोदक असलेले आजोबा म्हणाले, “माहा फोन पोराजवळ राह्यते, पोरगं पुन्याले.” एका बाईंच्या घरी फोन होता, पण तो नवऱ्याच्या खिशात वावरात जायचा. एकांना अक्षर दिसत नव्हतं. तिघीचौघींचं म्हणणं सरळ होतं, “दळन घेऊन जातोच ना तिकडं. काकू गिरनी बंद करते, फोन वाचते, सांगते. निरोप चुकला असं कधी झालं नाई.” मी ज्याला चूक समजत होते, ती त्या गल्लीची सोय होती. माझा राग घरी येईपर्यंत पार उतरला.

संध्याकाळी मी मामाजींना हे सांगितलं. ते ऐकेनात. “ज्याचा नंबर नाई तो सभासद कसा म्हनाचा? आमी नाई का देल्ला?”

मला शंका आली. मी त्यांचं नाव घातलं. सभासद नाही.

“मामाजी, तुम्ही कुणाचा नंबर दिलाय?”

मामाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. “फोन मह्या दुसऱ्या सदऱ्यात राह्यते,” ते म्हणाले. “अन् दळन तिकडूनच येते आपलं.” मग ते पडद्याकडे वाकले. “मंग मशीनच्या हिशोबानं अध्यक्ष कोन हाय?”

“काकूच.”

ते इतके हसले की आतून सासूबाई बघायला आल्या. बाजूला सारलेली नावं परत आणायची सोय मशीनमध्ये होती. रात्रीचा स्वयंपाक नणंदेवर टाकून मी ती सगळी परत आणली, प्रत्येकाला त्याच्या सभासद क्रमांकानं ओळखायला मशीनला शिकवलं, आणि ‘मोबाइल’ या रकान्याचं नाव बदलून ‘निरोप कुणाकडे द्यायचा’ असं केलं. सकाळी मामाजींनी काकूंचा अर्ज मंजूर केला.

काकू निवडून आल्या. मामाजींनीच सभेत निकाल जाहीर केला. नियमाप्रमाणे मी प्रत्येक सभासदाला निकालाचा संदेश पाठवला आणि दुसऱ्या दिवशी गव्हाचा डबा घेऊन गिरणीवर गेले.

पट्टा बंद होता. काकू भुवयांवर पीठ, नाकावर चष्मा, हातात फोन अशा उभ्या होत्या, आणि समोर डबे घेऊन रांग. “तुह्या नावानं निरोप हाय,” त्या एकेकाला सांगत होत्या. “आपल्या गल्लीतून मी निवडून आली म्हन्ते मंडळ.” मत देऊन आलेलीच माणसं ती. पण ‘माहीत हाय’ असं कुणीही म्हणालं नाही. अनुमोदक आजोबांनी तर परत एकदा वाचायला लावलं.

रांगेत सर्वांत शेवटी मामाजी होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दळणाचा डबा स्वतः उचलून आणला असावा. त्यांची पाळी आली तेव्हा ते पुढं झाले, डबा खाली ठेवला आणि म्हणाले, “अन् मह्या नावानं काय हाय?”

काकूंनी चष्मा नीट केला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.