गुरुबसप्पांचा डावा कान

गुरुबसप्पा हळू आवाजात बोलले, असं कुणी सांगितलं तर खुशाल समजावं की तो सोलापुरातल्या भलत्याच गुरुबसप्पांबद्दल सांगतोय. आमच्या गुरुबसप्पांचा उभा जन्म अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेला. ते जॉबर होते. माग बिघडला की डावा कान यंत्राजवळ नेऊन दुखणं ओळखायचं आणि त्याला ताळ्यावर आणायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन घरी बसले तरी आवाज शेडमधलाच राहिला. मुलीशी, श्रीदेवीशी, फोनवर बोलायला लागले की समोरच्या घरातून गौरम्मा परस्पर उत्तरं द्यायच्या.

अशा माणसाने युकुलेलेसारखं नाजूक वाद्य हातात धरावं, हीच मुळात गंमत. ते त्यांनी स्वतःसाठी घेतलंच नव्हतं. नवी पेठेतून नातवासाठी छोटी गिटार म्हणून आणलं. चारच तारा बघून "दोन तारा कमी हायत की, फसवायलास व्हय?" असं म्हणत दुकानदाराशी भांडलेसुद्धा. नातू त्याच्याशी दोन दिवस खेळला आणि सोफ्याखाली ढकलून मोकळा झाला. गुरुबसप्पांनी ते बाहेर काढलं, पुसलं, मोबाईलवर बघून बोटं कशी ठेवायची ते शिकले आणि पुरते नादी लागले. पत्नी सावित्रम्मा म्हणाल्या, "बरं झालं, निदान स्वयंपाकघरातली लुडबुड तरी थांबली."

पुढे ते 'चार तारांची मंडळी' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात शिरले. सगळे हौशी. नाशिकची दातांची डॉक्टर वैजयंती ही तिथली म्होरकी, तर जेऊरचा इंद्रजीत केळीच्या बागेत बसून वाजवायचा. एकमेकांना प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नव्हतं, पण सकाळी तारा जुळवल्याशिवाय कुणाला चहा गोड लागत नव्हता. म्हणून वैजयंतीने चहावरच एक गाणं रचलं आणि सगळ्यांनी मिळून त्याचा व्हिडिओ करायचं ठरलं. प्रत्येकाने आपापल्या घरी वाजवायचं, ती सगळ्यांचे चौकोन जुळवणार. एका कानात इअरफोन घालून तिने पाठवलेली मूळ चाल ऐकायची, दुसरा कान आपल्या वाद्यासाठी मोकळा ठेवायचा, आणि चालीला धरून वाजवायचं. मोबाईलच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज यायचा तो फक्त तारांचा.

गुरुबसप्पांनी व्हिडिओची बातमी व्याह्यांपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना दिली. मग नवा शर्ट घालून बसले. उजवा कान तारांसाठी ठेवला आणि इअरफोन डाव्या कानात घातला. सगळं रीतसर झालं, पण त्या डाव्या कानात आता फारसं काही उरलेलंच नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. तारा वाजायला लागल्या की मूळ चाल कुठल्या कुठे बुडायची. मग पाय आपोआप ठेका धरायचा, आणि त्या पायाला जन्मभर एकच गती ठाऊक होती, मागाची.

वैजयंतीने कच्चा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. बाकीची मंडळी अजून चहात साखर घालत होती आणि गुरुबसप्पांचं गाणं संपलंसुद्धा होतं. चौकोनात ते हात जोडून प्रसन्न बसलेले. इंद्रजीतने लिहिलं, "काकांनी कप विसळून पण ठेवला!" सगळे हसले, गुरुबसप्पाही हसले. दुसऱ्यांदा वाजवून पाठवलं, तेही तसंच सुसाट. तेव्हा वैजयंतीचा फोन आला. ती संकोचून म्हणाली, "काका, रविवारी मला व्हिडिओ पूर्ण करायचाय. तुम्ही असं करा ना, शेवटी नुसता कप उंचावून हसा. छान दिसेल."

"चालतंय की," गुरुबसप्पा म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना फार लागलं ते. इतक्या जणांत आपणच एकटे शोभेचे! त्या दिवशी ते जेवताना बोलले नाहीत, आणि गल्लीला चुकल्या चुकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा इअरफोन घालून वाजवत बसले. सावित्रम्मा थोडा वेळ बघत राहिल्या, मग जवळ येऊन त्यांनी नवऱ्याच्या कानातला इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला आणि दचकल्याच.

"अगं बाई, केवढ्यानं वाजतंय! आणि तुमी कुटं पळायलात? हे ऐकू येत न्हाय तुमाला?"

"येतंय की."

सावित्रम्मांनी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन काहीतरी विचारलं. गुरुबसप्पा समोर बघत होते ते बघतच राहिले. सावित्रम्मा पुढ्यात आल्यावर त्यांचा चेहरा बघून गुरुबसप्पांना कळलं की आपण पकडले गेलो.

"तो कान गेलाय," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच इतकं हळू बोलले असतील. "श्रीदेवीला सांगू नगंस. ती लगीच मशीन लावायला लावंल. म्हातारा झाल्यागत वाटतंय."

"मग काय, तरणे हाय का?" सावित्रम्मा म्हणाल्या, पण त्यांच्या बाजूला बसल्या.

इअरफोन उजव्या कानात घालून पाहिला. चाल लख्ख ऐकू आली, पण आपल्याच तारा ऐकू येईनात आणि बोटं चाचपडायला लागली. गुरुबसप्पांनी वाद्य खाली ठेवलं. तेव्हा सावित्रम्मांनीच इअरफोन आपल्या कानात घातला, त्यांच्या समोर पाट घेऊन बसल्या आणि हाताने ठेका द्यायला लागल्या. त्याच कारखान्यात त्यांनी टॉवेलला शिवण घालायचं काम केलेलं. शेडमध्ये बोललेलं कुणालाच ऐकू जायचं नाही, सगळा संसार हातांनी आणि ओठांनी चालायचा: पीठ संपलंय, पाहुणे आलेत, आज लवकर या. त्यामुळे तळवा खाली दाबला की हळू, हे गुरुबसप्पांना वेगळं सांगावं लागलं नाही. तरी पाय पळायला लागला की सावित्रम्मांचे ओठ हलायचे, "निधान री, निधान." कानडीतलं हे 'सावकाश' त्यांना लांबूनही वाचता यायचं. दोन-तीनदा गाडी घसरली, एकदा कुकरने घात केला, पण शेवटी गाणं सरळ पार पडलं.

व्हिडिओ पाठवताना गुरुबसप्पांनी ग्रुपवर बोलून टाकलं, "माझा डावा कान गेलाय. बायकोचा हात बघून वाजवलंय. जमलं नसंल तर कप उंचावतो, राग न्हाय." सांगून टाकल्यावर त्यांना हलकं वाटलं.

रविवारी दुपारी पुरा झालेला व्हिडिओ आला. सगळ्यांच्या बरोबरीने, ना पुढे ना मागे, गुरुबसप्पा वाजवत होते. खालून सावित्रम्मांचा बांगड्यांचा हात तेवढा दिसत होता. "तोंड कुटाय माझं?" म्हणून सावित्रम्मा रुसल्याही. पण ग्रुपवर सगळ्यांचा एकच प्रश्न होता: हे मागून गोड कोण गातंय? वैजयंतीने लिहिलं, "काकांच्या मोबाईलमध्ये आलंय. मी काढून टाकणार होते, पण काढवेना."

गुरुबसप्पांना कळेना. त्यांनी मोबाईल उजव्या कानाला घट्ट लावला आणि डोळे मिटले. तारांच्या खाली कुणीतरी तोंड मिटून गुणगुणत होतं. अगदी मंद, पण सुरात. तारांच्या आवाजात एवढं बारीक त्यांच्या एका कानाला पोचलं नव्हतं, आणि मिटलेले ओठ वाचता आले नव्हते. त्यांनी पुन्हा लावून ऐकलं, मग आणखी एकदा.

"तू गातीस?"

"गाते कुटली, गुणगुणते."

"कवापासून?"

"कायमच की. भाकऱ्या थापताना, निवडताना." सावित्रम्मा लाजल्या. "तुमी कधी कायच बोलला न्हाईत. मला वाटलं, तुमाला आवडत न्हाय."

गुरुबसप्पांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मग त्यांनी श्रीदेवीला फोन लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "उद्या कानाच्या डॉक्टरकडं जायचंय. मशीन लावा, न्हायतर काय बी करा. तुझी आई गाती, मला ऐकायचंय!"