टिकलीखालचा दिवा: बेळगाव ते निपाणी आणि परत

उशीर झाला, माफ करा. परतल्यावर आठवड्याभरात लिहितो असं कबूल केलं होतं, त्याला दीड महिना झाला. गाडी खरंच बरी झाली अशी खात्री पटेपर्यंत लिहायला हात धजेना. इथं लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी दिवा लागायचा.

नव्या वाचकांसाठी सांगतो. माझी शाळा सातवीपर्यंत. चाळीस वर्षं वडगावात माग चालवले, साड्या विणल्या. आता अनगोळात मुलाकडे राहतो. शेवटचे दोन माग विकले त्या पैशातून एक जुनी लाल पेट्रोल गाडी घेतली. म्हणजे माझे माग आता चार चाकांवर दारात उभे आहेत, असं मी समजतो. मुलगा महेश तसं समजत नाही.

गाडीचं दुखणं असं: स्टिअरिंगमागच्या मीटरच्या काचेत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. महेशनं काडेपेटीएवढं एक स्कॅनर आणलं आहे. ते स्टिअरिंगखाली खोचलं की मोबाईलवर कोड येतो. आमचा कोड ठरलेला, पी-०१३१. ऑक्सिजन सेन्सरचा. धुराच्या नळीत बसवलेली ही वस्तू धुरात ऑक्सिजन किती उरला ते इंजिनाला कळवते आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं. बेळगावात दोनदा नवा सेन्सर बसवला. गावात फिरताना सगळं ठीक. शाहापूरला जा, हिंडलग्याला जा, दिवा नाही. लांब गेलं की हजर.

दुसऱ्या खेपेनंतर महेशनं हिंडलग्याचं एक गिऱ्हाईक आणलं. त्यांनी गाडी पाहिली, दार दोनदा उघडझाप केलं आणि रविवारी संध्याकाळी येतो म्हणाले. मी जेवणावरून उठलो. शेवटी असं ठरलं की शनिवारी आम्ही दोघं निपाणीला मेहुणीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला जातोच आहोत, तर ती गाडीची परीक्षा. रविवारी दिवा न लागता परत आली तर राहील. दिवा लागून आली तर जाईल.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. कुणाला हा प्रवास करायचा असेल तर सहालाच निघा. नंतर उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्यावर लावलेल्या गाण्यांच्या आवाजात आपला हॉर्न त्यांना ऐकू जात नाही. रस्ता चांगला आहे, पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आधी बघा. मी रात्री तीनदा बघितलं होतं.

काकती मागं पडेपर्यंत मी रस्त्यापेक्षा दिव्याच्या जागेकडंच जास्त बघत होतो. एक ट्रक अगदी जवळून गेला. सुशीलानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यातली सगळ्यात मोठी मरून टिकली सोलली आणि बरोबर दिव्याच्या जागी चिकटवली.

"आता रस्ता बघा," ती म्हणाली. "दिवा लागला तरी देवाला दिसंल, तुमास्नी न्हाय."

वंटमुरीचा चढ चढताना मला घाम फुटला होता, पण गाडीला काही नाही. संकेश्वरला थांबून पोहे खाल्ले, चहा घेतला. चहा चांगला असतो, फक्त साखर कमी सांगावी लागते, कारखान्याचा मुलूख आहे. सुशीलानं दोन किलो लाल मिरची घेतली. ती पिशवी मागच्या सीटवर ठेवल्यामुळं निपाणीपर्यंत आम्ही आळीपाळीनं शिंकत होतो. तुम्ही डिकीत ठेवा.

तवंदीचा घाट उतरलो आणि तंबाखूचा वास आला की निपाणी आली. मेहुणीच्या दारात गाडी उभी केली, पण इंजिन चालूच ठेवलं. टिकलीची कड नखानं उचलली. खाली पिवळा दिवा.

वास्तुशांतीत माझं लक्ष नव्हतं. पुरणपोळ्या दोनच खाल्ल्या. साडूंनी माझा चेहरा पाहिला आणि जेवण झाल्यावर मला दस्तगीरकडं नेलं. दस्तगीर हा स्टँडजवळचा वायरमन, गाड्यांची नुसती वायरिंगची कामं करतो. मी त्याला सगळं सांगितलं: दोन सेन्सर, कोड, हिंडलग्याचं गिऱ्हाईक, विकलेले माग. त्यानं गाडी वर घेतली, टॉर्च लावून खाली शिरला आणि बराच वेळ शिरलेलाच राहिला. मग तिथूनच विचारलं.

"आप्पा, ही गाठ कुणी मारली?"

मला बरं वाटलं. सांगितलं की मीच. सेन्सरची वायर धरून ठेवणारी मूळ क्लिप तुटली आहे. बेळगावच्या मेकॅनिकनं दोन्ही वेळेला प्लास्टिकची पट्टी आवळली होती. प्लास्टिकवर माझा विश्वास नाही. म्हणून दोन्ही वेळेला घरी येऊन मी ती पट्टी कापली आणि साडीच्या पक्क्या रेशमी दोऱ्यानं विणकराची गाठ मारली. आमची गाठ ओढली तर अजून घट्ट होते.

"गाठ लई देखणी हाय," दस्तगीर म्हणाला. "कापायला जीव होईना झालाय."

"मग कशाला कापतोस?"

"तुमचा कोड हीच हाय."

बाहेर येऊन त्यानं दाखवलं. गाठ शाबूत होती, पण तिच्यापुढचा दोरा वितळून लोंबत होता. तो रेशमी म्हणून विकतात, पण आतून प्लास्टिकच. गावात नळी तेवढी तापत नाही. घाट चढला की तापते, दोरा वितळून लोंबतो, वायर नळीला टेकते, वरचं आवरण जळतं आणि आतली तार उघडी पडून लोखंडाला लागते. मग सेन्सरचा निरोप इंजिनापर्यंत जातच नाही. दोन सेन्सर चांगले होते. त्यांच्या वायरी मीच जाळल्या.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. मागावर आडवा धागा तुटला की त्याच्यावर टेकलेला काटा पडतो आणि माग थांबतो. चाळीस वर्षांत मी एकदाही काटा बदलला नाही, तुटलेला धागाच शोधला. गाडीत मात्र दोनदा काटा बदलला आणि धागा स्वतःच तोडला.

दस्तगीरनं जळलेली तार जोडली, वर न जळणारी नळी चढवली, पत्र्याची क्लिप लावली आणि कोड पुसला. तासाभराचं काम. मी त्याला विचारलं की आता नक्की लागणार नाही ना. त्यानं सांगितलं की दोरा बांधला नाही तर नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

रविवारी दुपारी निघालो. सुशीलानं निघतानाच नवी टिकली लावली. घाट चढताना मी दोनदा हात पुढं केला, तिनं दोन्ही वेळा चापट मारली. संकेश्वरला थांबलो नाही.

अनगोळात पोचलो तर गिऱ्हाईक दारात खुर्चीवर बसून चहा पीत होतं. महेशनं खिडकीतून वाकून बघितलं आणि टिकली दिसली.

"आप्पा, दिवा झाकून आणलाय व्हय?"

त्यानं टिकली ओढून काढली. खाली काळं. त्याचा विश्वास बसेना. त्यानं किल्ली बंद केली, परत फिरवली. दिवा क्षणभर लागला आणि इंजिन सुरू होताच गेला. म्हणजे बल्बही जिवंत होता. महेश गिऱ्हाइकाकडं जाऊन काहीतरी बोलला. ते चहा संपवून गेले.

गाठीचं मी सांगणार नव्हतो. पण जेवताना सुशीलानं पहिल्या घासापासून सगळं सांगितलं. महेश बराच वेळ हसला. मग म्हणाला, "गाडी ऱ्हाऊ दे. पण ते दोऱ्याचं रीळ माझ्या कपाटात ठेवा."

रीळ त्याच्या कपाटात आहे. काचेवर टिकलीच्या गोंदाचा गोल डाग राहिला आहे, तो मी पुसत नाही. रोज सकाळी किल्ली फिरवतो, दिवा लागतो आणि जातो. तो जायच्या आधीचा एक क्षण मला अजून फार लांब वाटतो.

तुमच्यापैकी कुणाच्या जुन्या गाडीचा असा दिवा गेला असेल तर कळवा. किती दिवसांनी मन स्वस्थ होतं? खाली दोन ओळी लिहा, पण लवकर. पुढच्या शनिवारी परत निपाणीला जायचं आहे आणि टिकल्यांचं पाकीट संपलं आहे.