फोटोच्या जागी एसी

एसीची किंमत ठरली. मग फिटिंगचे वेगळे, तांब्याच्या पाइपचे वेगळे, भिंतीला भोक पाडायचेही वेगळे पैसे निघाले. मी देत गेलो. बाबा म्हणाले असते, "कूलर आहे ना." ते मागच्या मे महिन्यात उकाड्यातच गेले. घरात गारवा यायला माणूस जावा लागतो का, असा विचार आला आणि तसाच विरला.

"हा फोटो काढावा लागेल," फिटर म्हणाला. आईने बाबांचा फोटो उतरवला, पदराने पुसला आणि कपाटावर ठेवला.

आज सकाळी पूजा आटोपून ती सवयीने त्याच भिंतीसमोर हात जोडून उभी राहिली. समोर एसी चालू होता. तिच्या लक्षात आलं असावं, तरी हात खाली आले नाहीत.

"जरा कमी कर रे," ती म्हणाली. "त्यांना गार वारा सोसत नाही."