टबाला ऊन पुरतं

अर्धे सर कधीच कुणाचे सर नव्हते. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शकं मांडायची, बेडूक पळालाच तर बाकाखाली रांगत जाऊन धरून आणायचा, अशी त्यांनी एकतीस वर्षं काढली. तास सुरू झाला की दारात अर्धे आत, अर्धे बाहेर उभे राहून ऐकत, म्हणून मुलांनी हे नाव पाडलं. पगार शिपायाचा, कान प्राध्यापकाचे. बायकोची तर जेवतानासुद्धा सुटका नव्हती. "या कोबीत सूर्य आहे बरं का," ते म्हणत. ती म्हणे, "मग सूर्याला मीठ कमी पडलंय का ते सांगा आणि गप जेवा."

तीन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगी परदेशात. दर रविवारी फोन येई. "जेवलात का बाबा?" "जेवलो." "गोळ्या?" "घेतल्या." चार मिनिटांत सगळं आटपे. मग सर फोन शर्टाला पुसून खिशात ठेवत, जणू बोलून बोलून त्यालाच घाम फुटला होता.

बायकोचा कपडे धुवायचा पत्र्याचा टब मोरीत उपडा पडलेला. टाकवेना आणि बघवेना. शेवटी त्यांनी तो गच्चीवर नेला. तळाला तळ्यातला चिखल पसरला, पाणी भरलं, पाणवनस्पती खोचल्या, चार गोगलगाई आणि सहा गप्पी मासे सोडले. बाकीची मंडळी न बोलावता आली: शेवाळ, बारीक किडे, डासांच्या अळ्या, एक चतुर. वर्षभरात मासे चाळीस झाले आणि तिथेच थांबले. रोज सकाळी सर स्टुलावर बसून मोजत. अडतीस, एकेचाळीस, चाळीस. गर्दी झाली की मोठे मासे पिल्लं गिळत. विरळ झाले की पिल्लं वाचत. टबाची ऐपत चाळिसाची. मेलेलं ते चिखलात कुजे, चिखलातून पुन्हा झाडांना मिळे. घर आपलं आपण चालत होतं. बाहेरून लागे फक्त ऊन.

एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू वाळलेले कपडे काढायला आल्या. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांची जुनी सवय.

"यांना खायला काय घालता हो?"

"काही नाही."

"काही नाही? अहो, मुकी जनावरं! उपाशी मारता की काय?"

"तसं नाही काकू. शेवाळ उन्हावर वाढतं, शेवाळ किडे खातात, किडे मासे खातात. दर पायरीला दहातला जेमतेम एक वाटा वर पोचतो. नऊ वाटे जगण्याच्या धडपडीतच उडून जातात, ऊब होऊन. म्हणून वरच्या पायरीला थोडेच—"

"म्हणजे आमचे हे! खातात दहा जणांचं, काम करतात एकाचं," म्हणत काकूंनी खिशातलं बिस्किट चुरून पाण्यात टाकलंसुद्धा. मासे असे झेपावले की काकू खुदकन हसल्या.

त्या हसण्यानेच घात केला. दुसऱ्या दिवशी काकूंबरोबर तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमन आले, ब्रेडच्या कडा घेऊन. मग निम्मी इमारत. गच्चीवर बैठक भरू लागली. कुणी भात आणे, कुणी केक. आणि येता येता प्रत्येकजण विचारी, "काय सर, बरे ना?" तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सर घरातून एक-एक खुर्ची वर चढवू लागले.

मासे साठावर गेले. सगळे खूश. पाणी हिरवं होत चाललं होतं, टबाला कुबट वास येऊ लागला होता. सरांना कळत होतं. एकदा त्यांनी घसा खाकरलासुद्धा. "मंडळी, जरा बेतानं. हे जास्तीचं—"

"आज अर्धे सर पूर्ण लेक्चर देणार!" पोस्टमन म्हणाले. सगळे हसले. सरही हसले, आणि गप्प बसले. दारात उभं राहून ऐकणारा माणूस. आत बोलावलं होतं, तेवढंच त्याला पुष्कळ होतं.

एका पहाटे सगळे मासे पाण्यावर तोंडं काढून आ वासत होते. तळाशी अन्न सडत होतं आणि सडता सडता पाण्यातला प्राणवायू पिऊन टाकत होतं. सरांनी बादल्या भरभरून पाणी बदललं. दुपारपर्यंत उरले नऊ. एकावन्न त्यांनी कुंडीत पुरले, एकट्याने, मोजून.

संध्याकाळी टबावर पुठ्ठ्याची पाटी होती: "कृपया काहीही टाकू नये. टबाला ऊन पुरतं."

"माशांना डाएटवर ठेवलंय वाटतं!" पोस्टमन म्हणाले. दोन दिवस मंडळी आली. हात रिकामे असले की माणसाला उभं कसं राहावं तेच कळत नाही. खिशात घालून पाहिले, पाठीमागे बांधून पाहिले, आणि उतरून गेली. तिसऱ्या दिवशी खुर्च्या होत्या, माणसं नव्हती. सर एक-एक खुर्ची खाली आणत राहिले. स्टूल तेवढं वर ठेवलं.

रविवारी मुलीने विचारलं, "जेवलात का बाबा?"

"जेवलो," ते म्हणाले. मग जरा थांबून, "एकटाच."

त्या दिवशी फोन सात मिनिटं चालला.

सोमवारी सरांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा कठड्यावर ठेवला. आत मोजून बारा. झाकणावर चिठ्ठी: "ही माशांसाठी नाहीत. तुमच्यासाठी." त्या दिवशी बारा. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी बारा. मासे मात्र चौदा झाले होते, पाणी निवळत होतं.

शुक्रवारी डब्यात अकरा निघाली. सरांनी पुन्हा मोजली. कावळ्याने नेलं असणार, त्यांनी स्वतःला बजावलं. उगाच आशा नको. डबा ठेवायला गेले आणि हात थबकला. त्यांनी उघडला तेव्हा झाकण नीट दाबून बसवलेलं होतं.

कावळा झाकण लावत नाही.

सर खाली गेले आणि एक खुर्ची घेऊन वर आले. बायकोची, जिचा एक पाय हलतो ती. पायाखाली त्यांनी पुठ्ठा घातला, आणि स्टुलावर बसून पुन्हा मासे मोजू लागले.